गुलाबी-हिरवी डिप्रेशन ग्लास : पॅटर्न ओळखायचा कसा?

गुलाबी_बशी
नमस्कार मंडळी. जुन्या वस्तूंच्या धाग्यावर माझ्या कपाटाचा फोटो टाकल्यापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) थांबेनात, म्हणून वेगळा धागाच काढतेय. मी पिट्सबर्गजवळ राहते, म्हणजे या काचेच्या माहेरातच म्हणा ना.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. १९२० च्या दशकात इकडच्या काचकारखान्यांत मशीन आली, वितळलेली काच साच्यात पडायची, वरून दाब बसला की प्लेट तयार, कारागिराचा हात फारसा लागायचाच नाही. तेवढ्यात १९२९ साली शेअर बाजार कोसळला आणि महामंदी, म्हणजे ग्रेट डिप्रेशन, आली; या काचेचं नाव त्यावरूनच. लोकांच्या खिशात पैसे नाहीत आणि कारखान्यात मशीन तर आहेत, मग ही रंगीत काच कवडीमोलाने विकली गेली. वूलवर्थसारख्या दुकानात काही सेंटला एक नग. क्वेकर ओट्सच्या डब्यात फुकट, साबणाच्या खोक्यात फुकट, थेटरवाले तर गर्दी नसलेल्या वारी 'डिश नाइट' ठेवायचे, तिकिटाबरोबर एक बशी, आणि कप पाहिजे असेल तर पुढच्या आठवड्यात परत या पिक्चरला.

कारखाने सगळे याच पट्ट्यात. जीनेट गावात जीनेट ग्लास, ओहायोत लँकेस्टरला हॉकिंग (१९३७ पासून अँकर हॉकिंग), कोलंबसला फेडरल, व्हीलिंगला हेझल-अ‍ॅटलस, शार्लेरॉयला मॅकबेथ-इव्हान्स, इंडियानात डंकर्कला इंडियाना ग्लास. नैसर्गिक गॅस, कोळसा, वाळू, रेल्वे, नदी, सगळं इथं हाताशी होतं.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस सुरुवात रंगापासून करतो. 'गुलाबी आहे म्हणजे डिप्रेशन ग्लास', 'अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकलं म्हणजे जुनं'. रंग फसवतो, चमक फसवते. नक्षी बघायला शिका, नक्षीसुद्धा लांबून नाही, नाकाशी धरून. आपापल्या वस्तूंचे फोटो टाका, जमेल तसं सांगते.

बे_एरिया_बंड्या
ताई, म्हणजे त्या काळी जे साबणावर फुकट मिळायचं ते आता लोक पैसे देऊन घेतात आणि वर त्यात जेवतही नाहीत. अमेरिका ग्रेट आहे.

गुलाबी_बशी
बंड्या, मी जेवते. पुढे येईलच ते.

खडीसाखर
ताई मला मदत करा प्लीज, फोटो टाकलाय. एका अँटिक मॉलमधून बटर डिश घेतली, गुलाबी, चेरीची नक्षी आहे. दुकानदार म्हणाला चेरी ब्लॉसम आहे, जीनेटची, १९३० ची. घरी आल्यावर नवरा म्हणतो ही इतकी नवीकोरी कशी दिसते. काही कळत नाहीये मला.

गुलाबी_बशी
खडीसाखर, झाकणावरच्या पानांचा जवळून फोटो टाक. पूर्ण डिश नको, फक्त एक पान.

खडीसाखर
टाकला.

गुलाबी_बशी
हं. ही नक्कल आहे गं, सॉरी.

सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते कारण चेरी ब्लॉसमच्या नकला सगळ्यात जास्त फिरतात. मूळ पॅटर्न जीनेटने १९३० ते १९३९ काढला, गुलाबी, हिरवा आणि तो अपारदर्शक आकाशी, ज्याला डेल्फाइट म्हणतात. १९७३ पासून नकला यायला लागल्या आणि अजून येतात. जुन्या साच्यातलं पान खऱ्या झाडाच्या पानासारखं आहे, कडेला बारीक दाते, शिरा वेड्यावाकड्या, एक लांब एक आखूड. नकलेत शिरा एकसारख्या अंतरावर, सरळ रेघा मारल्यासारख्या, बाणाच्या मागच्या पिसासारखं दिसतं पान. तुझ्या फोटोत पट्टी ठेवून ओढलेल्या रेघा आहेत. शिवाय चेरी बघ, त्या देठाला धड लटकलेल्यासुद्धा नाहीत, हवेत तरंगतायत.

आणि चेरी ब्लॉसमची मीठ-मिरीच्या शेकरची जोडी कुणी दाखवली तर सरळ पुढे चला. मूळ गुलाबी जोड्या जगात अगदी मोजक्याच माहीत आहेत, त्या कुणाच्या गराज सेलमध्ये पाच डॉलरला पडलेल्या नसतात.

खडीसाखर
४५ डॉलर गेले माझे :( परत देऊ का? दुकानात 'नो रिटर्न' लिहिलंय.

पन्हाळगड
लिहिलेलं असूद्या ओ वहिनी, जाऊन सांगा तर खरं. चिठ्ठीवर '१९३०' लिहून विकलंय ना त्यानं? मग चिठ्ठीचा फोटो दाखवायचा आणि आवाज न चढवता तिथंच उभं राहायचं. मी कोलंबसला असतो, हितं अँटिक मॉलमध्ये एकेक गाळा वेगळ्या माणसाचा असतो, मॉलवाले बऱ्याचदा स्वतःच त्याला फोन लावतात.

बाकी ताईंनी फेडरलचं नाव घेतलंच आहे तर आमच्या गावच्या कारखान्याची गंमत सांगतो. १९३४ ला फेडरलनं एक पॅटर्न काढला, नाव दिलं मेफेअर. तवर हॉकिंगनं ते नाव आधीच नोंदवून ठेवलेलं. झाली की पंचाईत. मग फेडरलनं साचा बदलला आणि नवीन नाव ठेवलं रोझमेरी. त्यामुळं आज बाजारात 'मेफेअर' म्हणून कुणी दाखवलं तर ते हॉकिंगचं का फेडरलचं हे आधी विचारायचं. हॉकिंगच्यावर गुलाबाचं फूल असतं, लोक 'ओपन रोझ' म्हणतात त्याला, तो लई गाजलेला. निळा मेफेअर दिसला तर दर विचारायच्या आधी एक खोल श्वास घ्यायचा.

गुलाबी_बशी
मेफेअरच्याही नकला आहेत, छोट्या व्हिस्कीच्या ग्लासच्या विशेषतः, १९७७ पासूनच्या. जुन्यात फुलाचं देठ खाली दोन फांद्यांत फुटतं, नव्यात एकच दांडी.

अणुरेणू
माझा विषय आला म्हणून लिहितो. चमकण्याबद्दल ताईंनी एका वाक्यात सांगितलं, पण लोकांचा गोंधळ जास्त आहे.

हिरव्या डिप्रेशन ग्लासमध्ये पुष्कळदा थोडं युरेनियम ऑक्साइड असतं, अल्ट्राव्हायोलेट उजेडात ते लख्ख पोपटी चमकतं. पण सगळी हिरवी काच चमकत नाही, लोह किंवा क्रोमियमनेही हिरवा रंग येतो. दुसरं, जुन्या काचेत मँगनीज असतं, तेही हिरवट चमकतं पण मंद. तुमच्याकडे ३६५ नॅनोमीटरची टॉर्च असेल तर मँगनीजची चमक दिसते, ३९५ ची साधी स्वस्त टॉर्च असेल तर मँगनीज जवळजवळ दिसत नाही आणि युरेनियम मात्र दिसतं. म्हणून फक्त युरेनियम शोधायचं असेल तर स्वस्त टॉर्चच बरी, हे लोकांना उलटं वाटतं. पिवळी-नारिंगी चमक आली तर बहुधा कॅडमियम.

आता वयाचं. महायुद्धात अमेरिकन सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं, ते काचवाल्यांना पुन्हा १९५८ पासून मिळायला लागलं. म्हणजे चमक आली म्हणून वस्तू १९३० चीच असं होत नाही. ओहायोत केंब्रिज गावात मोसर ग्लास आजही युरेनियमची नवीन काच काढतं.

संत्रानगरी
अणुरेणू भाऊ, म्हणजे मी इतके दिवस त्या चमकणाऱ्या वाटीत दही लावून राहिलो, त्याचं काय बाप्पा? मरतो का मी?

अणुरेणू
नाही मरत. किरणोत्सर्ग फार कमी असतो, कपाटात ठेवणं, हातात घेणं, अधूनमधून त्यात खाणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दही, लोणचं, टोमॅटोचं सार, लिंबू सरबत असले आंबट पदार्थ तासन् तास ठेवू नका, आम्ल काचेतून थोडं थोडं बाहेर काढतं. दही तर रात्रभर लागतं, म्हणजे स्टीलचं भांडं घ्या. आणि टवका उडाला म्हणून कडा घासत बसू नका, ती धूळ नाकात जाणं हा खरा धोका.

संत्रानगरी
हाओ, स्टीलचं घेतो.

तळेगावकर
वाचतोय. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या घरी आजीच्या वेळचा एक गुलाबी बाऊल आणि सहा छोट्या वाट्या आहेत, फालुद्यासाठी वापरायच्या. कडेला पाकळ्या, मध्ये चांदणी. मुंबईत घेतलेल्या, १९४० च्या आधी. हा धागा वाचून वाटलं हे तेच असेल का. फोटो जोडलाय, उजेड कमी आहे त्याबद्दल क्षमस्व.

गुलाबी_बशी
काका, फोटो छान आहे. माझ्या माहितीतल्या कुठल्याही अमेरिकन पॅटर्नशी हे जुळत नाही. आणि मध्ये खाली घासून सपाट केलेला तळ दिसतोय, स्वस्तातल्या डिप्रेशन ग्लासला ते कोणी करत नसे, साच्यातून निघालं की थेट खोक्यात. तळ घासलेला असेल तर एकतर इकडची महागातली काच, फोस्टोरिया, हायझी, केंब्रिज वगैरे, नाहीतर युरोप. त्या काळात युरोपातही अशी दाबलेली रंगीत काच ढिगाने होत होती, बोहेमिया, जर्मनीत सॅक्सनीतलं ब्रॉकविट्झ, इंग्लंडमध्ये गेट्सहेडचं सोवरबी. मुंबई बंदरात चेकोस्लोव्हाकियाचा आणि जपानचा काचेचा माल भरपूर यायचा, त्यामुळे मी त्या दिशेने शोधेन. बाऊलच्या खाली काही अंक उठलेला आहे का बघाल?

तळेगावकर
अंक नाही, पण तळ घासलेला आहे हे खरं, बोट फिरवलं की कळतं. म्हणजे डिप्रेशन ग्लास बाद. हरकत नाही. आम्ही तळेगावचे, आमच्या गावात पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ पासून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून उभा राहिलेला, त्यामुळे काचेबद्दल इथं प्रत्येकाचं मत असतं :) वडिलांचं म्हणणं होतं की वाट्या 'बेल्जमच्या', म्हणजे बेल्जियमच्या. त्यांच्या दृष्टीने चांगली काच म्हणजे बेल्जमचीच.

खडीसाखर
अपडेट देते. पैसे परत मिळाले! गाळेवालीला फोन लावला मॉलच्या बाईंनी, तिला स्वतःलाच माहीत नव्हतं म्हणे. पन्हाळगड दादा थँक्यू. आता ते पैसे घेऊन काय घेऊ ते सांगा, यावेळी आधी विचारूनच.

पन्हाळगड
नाद खुळा!

गुलाबी_बशी
वा! सुरुवातीला बटर डिशच्या वाटेला जाऊ नकोस, नकला करणाऱ्यांचं सगळं लक्ष बटर डिश, शेकर आणि कुकी जारवर, कारण त्यांनाच भाव. साध्या प्लेटची नक्कल करून कोणाला परवडतंय. फेडरलच्या शॅरनचंच बघ, त्यावर गुलाबाचे झुबके असतात, 'कॅबेज रोझ' म्हणतात. बटर डिशच्या जुन्या झाकणाची मूठ इतकी बुटकी की मूठ आणि झाकण यात जेमतेम पाव इंच फट, बोटात नीट पकडता येत नाही. नक्कल करणाऱ्यांनी ती अर्धा इंच केली, आणि पकडायला मस्त सोपी झाली. म्हणजे जे हाताला सोयीचं ते खोटं.

आणि एक पॅटर्न पक्का लक्षात ठेव, माद्रिद. फेडरलचा, १९३२ ते १९३९, जास्त करून अंबर, म्हणजे मधासारख्या रंगात. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली तेव्हा फेडरलनेच तो परत काढला, 'रिकलेक्शन' नावाने, आणि प्रामाणिकपणे नक्षीत '७६' असा आकडा घातला. बारीक आहे, पण शोधला की सापडतो. तिथपर्यंत ठीक होतं. मग १९७९ ला फेडरल बंद पडली, साचे इंडियाना ग्लासकडे गेले, त्यांनी आकडा काढून टाकला आणि निळ्या, गुलाबी, बिनरंगी काचेत भरमसाट माल काढला. जुना निळा माद्रिद मऊ, जरा धुरकट निळा आहे. इंडियानाचा निळा डोळ्यात जातो. शिवाय त्यांनी मूळ संचात कधी नव्हत्याच अशा वस्तू काढल्या, उंच पायाचा केक स्टँड वगैरे. उंच पायावरचं माद्रिद दिसलं तर वेळ घालवू नकोस.

बे_एरिया_बंड्या
आकडा काढून टाकला?! हे म्हणजे फारच झालं.

गुलाबी_बशी
बेकायदा काहीच नाही त्यात, साचे त्यांनी विकत घेतले होते. चीड मलाही येते.

माहेरवाशीण_मिनेसोटा
ताई माझ्याकडे हिरव्या बश्या आहेत, कुणी म्हणतं फ्लोरेंटाइन नंबर वन, कुणी म्हणतं नंबर टू. नक्षी तर दोन्हीची सारखीच वाटते मला, खसखशीच्या फुलासारखी. फरक काय नक्की?

गुलाबी_बशी
नक्षी तीच आहे, आकार बघ. दोन्ही हेझल-अ‍ॅटलसचे, १९३२ ते १९३५ च्या सुमाराचे. बशीला सहा बाजू आणि कड करवतीसारखी कातरलेली असेल तर नंबर वन. गोल आणि साधी कड म्हणजे नंबर टू. पेल्यांचंही तसंच, पायाची कड कातरलेली तर वन. बहुतेक लोकांच्या कपाटात दोन्ही मिसळलेले असतात आणि छान दिसतात, त्यामुळे वेगळे करत बसलंच पाहिजे असं नाही.

माहेरवाशीण_मिनेसोटा
कड कातरलेली आहे! वन. आणि हो, या बश्यांवर पांढुरका थर आहे, घासून जात नाही. व्हिनेगर लावून ठेवलं तरी तसंच.

गुलाबी_बशी
व्हिनेगरने पाण्यातला चुना निघतो. त्याने गेला नाही तर तो थर नाहीच, काचच आतून खराब झाली आहे, इकडे 'सिक ग्लास' म्हणतात. कारण नव्याण्णव टक्के डिशवॉशर. पावडर आणि गरम पाणी काचेचा वरचा पापुद्रा खात जातं. ते परत येत नाही. म्हणून कळकळीची विनंती, ही काच डिशवॉशरमध्ये टाकू नका, हातानं धुवा, कोमट पाणी. मायक्रोवेव्हमध्येही नको. उकळता चहा थेट ओतू नका, काच साधी सोडा-चुन्याची आहे, तडा जाईल.

यावरून आठवलं. फ्ली मार्केटात एका टेबलावर एका माणसाच्या सगळ्या प्लेटा ओल्या होत्या. म्हणाला, आत्ताच पुसल्या, धूळ फार. ओली काच आजारी असली तरी पारदर्शक दिसते. मी रुमाल काढून एक प्लेट कोरडी केली आणि गप्पा मारत तिथेच थांबले. दोन मिनिटांत ती दुधी झाली. काहीजण तेलाचा हात फिरवतात, ते तर आठवडाभर टिकतं. म्हणून प्लेट हातात घेतली की आधी बोट फिरवायचं, बुळबुळीत लागली तर खाली ठेवायची.

पन्हाळगड
ह्यात माझी भर. प्लेट उजेडासमोर धरू नका, उजेडाखाली तिरकी धरा, मग सुरीचे ओरखडे दिसतात. आणि टवके डोळ्यानं शोधायचे नाहीत, कडेवरनं नख फिरवायचं, बोट फिरवलं तर रक्त. जास्त करून टवका कडेच्या खालच्या अंगाला असतो कारण प्लेटा एकावर एक आपटून ठेवलेल्या असतात. घरी ठेवताना मधे कागदी प्लेट घाला.

बुडबुडे, काचेत केसासारखी रेघ, साच्याची शिवण, ही असली खोट जुन्या मालात असतेच, ती टवक्यात धरू नका. उलट त्याच्यासाठीच तर अंगभर जाळीची नक्षी असायची, दोष झाकायला.

अणुरेणू
खाली शिक्का असतो का? म्हणजे एवढं सगळं बघण्यापेक्षा उलटं करून नाव वाचलं की झालं.

पन्हाळगड
असता तर हा धागाच कशाला लागला असता! हेझल-अ‍ॅटलसच्या काही मालावर एच च्या पोटात ए असा शिक्का असतो, फेडरलची ढालीत एफ असते, पण त्या काळच्या नक्षीच्या ताट-वाट्यांवर बहुतेक काहीच नसतं. दुकानात कागदी लेबल असायचं, ते पहिल्या धुण्यात गेलं.

बे_एरिया_बंड्या
मग नावं कुठून आली? चेरी ब्लॉसम, कॅबेज रोझ...

गुलाबी_बशी
काही कारखान्याचीच, जाहिरातीत आणि कॅटलॉगमध्ये छापलेली. काही नंतर जमवणाऱ्यांनी ठेवलेली. हेझल मेरी वेदरमन नावाच्या बाईंनी १९७० साली यावर पहिलं मोठं पुस्तक काढलं, कारखान्यांचे जुने कागद आणि कॅटलॉग धुंडाळून. त्यानंतर या छंदाला खरा जोर आला. म्हणून एकाच पॅटर्नला दोन नावं दिसतात, हॉकिंगचा कॅमिओ म्हणजेच 'बॅलेरिना', पदर पसरून नाचणारी बाई असते त्यावर.

संत्रानगरी
आता माझा नंबर लावा ताई. न्यू जर्सीत शेजारच्या आजीबाई घर सोडून मुलीकडे गेल्या, जाताना माझ्या बायकोला अंबर रंगाच्या मोठ्या प्लेटांचा गठ्ठा देऊन गेल्या. जेवणाच्याच आहेत, चांगल्या अकरा इंची, भरभक्कम. एकही कप नाही, एकही वाटी नाही, नुसत्या प्लेटा. फोटो टाकून राहिलो. माद्रिद आहे का हे? ७६ शोधला, नाही सापडला.

गुलाबी_बशी
माद्रिद नाही. मधे बघा, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा आहेत ना? हा पॅट्रिशियन, त्याला 'स्पोक'सुद्धा म्हणतात. फेडरलचाच, १९३३ ते १९३७. आणि नुसत्या मोठ्या प्लेटाच का याचंही उत्तर आहे, या अंबर प्लेटा २० पौंडी पिठाच्या पोत्याबरोबर फुकट मिळायच्या. ज्या घरात पोळ्या, सॉरी ब्रेड, जास्त भाजायचे त्या घरात प्लेटांचा गठ्ठा. म्हणून त्या आजही सहज मिळतात, फार पैसे येणार नाहीत, विकायचा विचार असेल तर सोडा.

संत्रानगरी
विकतो कायले? बायको म्हणते दिवाळीच्या फराळाले काढू. आकार बरोबर आहे, एका प्लेटीत चिवडा, चकली, अनरसे सगळं मावते.

गुलाबी_बशी
काढा ना, ताटलीच आहे ती. फक्त गरम करंज्या कढईतून थेट त्यात टाकू नका. आणि धुवायला पाहुण्यांच्या हातात देऊ नका, आमच्याकडे सगळे टवके तिथेच उडालेत.

खडीसाखर
ताई, मी आत्ता एका इस्टेट सेलला (घरातलं सगळं सामान विकायला काढतात ना, तिथे) उभी आहे. गुलाबी बटर डिश, चौकोनी, झाकणावर बाहेरून अ‍ॅडम पॅटर्नसारखी नक्षी आणि आतून वेगळ्याच उभ्या चुण्या. दोन नक्षी एकावर एक?? नक्कल असणार ना? १२ डॉलर लिहिलंय. ठेवून देते.

गुलाबी_बशी
थांब!! ठेवू नकोस! बाहेर अ‍ॅडम आणि आत सिएरा, दोन्ही जीनेटचे पॅटर्न, एकाच झाकणावर दोन्ही आलेले नग फार दुर्मिळ आहेत, लोक वर्षानुवर्षं शोधतात. आधी हातात घट्ट धर, मग कडेवरून नख फिरवून टवका बघ, पैसे दे आणि गाडीत बसून मला फोटो पाठव.

पन्हाळगड
वहिनी, चेहरा पाडून पैसे द्या. हसू नका हं तिथं.

खडीसाखर
घेतली. टवका नाही. गाडीत आहे. हात थरथरतायत, फोटो हलतोय, थांबा.